ताईचं पान किती वेळात उघडतं

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सीताबर्डीवर एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत एक काकू वधू-वर सूचक केंद्र चालवत आणि त्यांचा नवाकोरा कॉम्प्युटर मी सांभाळायचो. शिकलेला म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं, पण माझा स्वार्थ वेगळाच होता. माझी थोरली बहीण, एकतीस वर्षांची, त्याच यादीत होती. तिची माहिती मीच भरली होती.

यादी वयाप्रमाणे, धाकट्या मुली आधी. पडद्यावर एका मुलीची माहिती आली की तिला आम्ही पान म्हणायचो. पुढचं पान मागितलं की यंत्र दर वेळी यादीच्या पहिल्या नावापासून शोधत यायचं. म्हणजे पान जितकं मागचं तितका उशीर, आणि ताई अगदी शेवटी. मुलाचे आईवडील घड्याळाकडे बघत, मी टेबलावर बोटं आपटत असे, आणि काळ्या पडद्यावरची ती हिरवी चौकट नुसती लुकलुकायची. वीस-पंचवीस पानं झाली की कुणीतरी उठायचंच, “उमरेडची गाडी सुटते ना बाई!” ताईपर्यंत कुणी पोचतच नव्हतं. त्या यंत्राचा मला असा संताप यायचा!

काकू एक दिवस म्हणाल्या, “काहून गा, तुह्या यंत्रापेक्षा माह्यं रजिस्टर बरं होतं. आठ दिवसांत हे धावलं नाही तर तेच पुन्हा काढीन.” मी मुळातच उतावळा. त्या मला गुडघ्याला बाशिंग म्हणूनच चिडवत. ते आठ दिवस मला ना धड जेवण गेलं, ना एका जागी बसवलं.

शेवटी युक्ती सुचली. बहुतेक लोक पंचविशीच्या आतल्याच मुली मागत. तेवढ्यांचीच छोटी यादी केली आणि बाकीच्या एका फ्लॉपीवर काढून खणात टाकल्या. पानं पटापट उघडू लागली. काकूंनी खूश होऊन संत्रा बर्फीचा डबाच हातात दिला.

घरी मी फुशारक्या मारत बसलो. ताईने बर्फीचा तुकडा मोडला आणि विचारलं, “मंग आता माह्यं पान किती वेळात उघडते?”

मी डबा बाजूला सरकवला. तिचं पान खणात होतं. तिच्यासाठी एवढी घाई केली आणि त्या घाईत तिलाच बाहेर काढलं. ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

“लगेच,” मी खोटं बोललो. ती हसली.

सकाळी काकू यायच्या आत दोन्ही याद्या पुन्हा एक केल्या. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी सूची बांधून थेट हव्या त्या नावावर जायची रीत मला सहा महिन्यांनी कळली. याद्या एक केल्या त्या दिवशी मात्र यंत्र पुन्हा रखडलं. काकू डोळे वटारून बघत होत्या. दुपारी एक उमरेडचं जोडपं पिशवी उचलून उठलं. मी ताईचं पान मागितलं, खुर्ची ढकलली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

“काका, थांबा ना थोडं. अजून एक पान येऊन राहिलं.”