वाक्यांची तोंडं

सातवीच्या चाचणीत मी निबंधात नापास झाले आणि वडिलांनी सांगून टाकलं, "फायनललाही हेच झालं तर शाळा बंद. घरी बसून कांड्या भरायच्या." घरात हातमाग होता आणि सुताच्या कांड्या भरायला हात कमी पडत. मला तर मास्तरीण व्हायचं होतं. रडून रडून डोळे सुजले.

शाळेतल्या बाई सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहत. त्यांनी मला घरी बोलावलं. कच्च्या लिखाणात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यायचं, हा त्यांचा हट्ट. माझा दुष्काळावरचा निबंध त्यांनी समोर ठेवला आणि त्यावर पंचा असा अंथरला, की वाक्यांची नुसती तोंडं उघडी राहिली.

"वाच की."

"त्यामुळे. तसेच. त्यामुळे. म्हणून. त्यामुळे."

"काय झालं, कुणाला झालं, काही कळलं? पाहुण्याला स्टेशनावरून घरची वाट सांगताना नुसतं त्यामुळे-त्यामुळे म्हणशील होय गं?"

मग त्यांनी स्वतःचा एक कागद तसाच झाकून पुढं केला. 'विहीर. खोल गेलेल्या पाण्याला. दोर तुटल्यावर. रिकाम्या घागरी.' बाकी एक अक्षर दिसत नव्हतं, तरी मला काठावरच्या बायका दिसल्या, त्यांची भांडणं ऐकू आली. एवढ्याशा शब्दांत एवढं मावतं? आज म्हातारपणीही मला त्याचं नवल वाटतं.

घरी येऊन मी निबंध नव्यानं लिहिला. पुस्तकातला दुष्काळ टाकून दिला आणि ज्या दुष्काळात वडिलांनी गाव सोडलं, तो घेतला.

"वाच, काय दिवे लावलेस ते बघू," वडील मागावरून आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाले. पुस्तकी मराठी त्यांना जड जाई, म्हणून मी नुसती तोंडं वाचली.

"पाऊस हुकला तेव्हा... कोरड्या विहिरीपाशी... तिथून निघालेला विणकर... सोलापुरात पोचल्यावर..."

माग थांबला.

"म्हातारीचं लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "माझ्या आईचं. तिला चालवत नव्हतं. मागं ठेवून आलो."

मला हे ठाऊकच नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

ते उठले, कोपऱ्यातला चरखा आपल्यापुढं ओढला आणि रिकामी कांडी चढवली.

"तू तिचं लिही," म्हणाले. "कांड्या मी भरतो."