खालून आलेलं तेल

आमच्या डोंबिवलीच्या खाडीत घाण नेहमी वरून यायची. विठ्ठलवाडीकडच्या नाल्यांतून कधी लालसर, कधी निळं पाणी उतरायचं, मासे उलटे तरंगायचे, आणि बाबा शिव्या घालत जाळं उचलून खाली नेऊन लावायचे. जन्मभर त्यांनी हेच केलं. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात खाली, ठाण्याच्या बाजूला, एक मालवाहू बार्ज कलंडून तेल सांडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी डोकं चालवलं ते जुन्याच हिशेबाने. "तेल खालती हाय, आपण वर जाव," म्हणाले, आणि होडी, जाळी सगळं वरच्या वळणावर घेऊन गेले.

उन्हाळ्यात नदीला जोर नसतो. वर चढतं ते भरतीचं पाणी, आणि त्यात अमावास्येचं उधाण होतं. भरती-ओहोटी बाबांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. पण घाण खालून वर आलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. सकाळी तेल आमच्या जाळ्याच्याही पुढे गेलं होतं. ओहोटीला पाणी परतलं, तेल मात्र तिवरांच्या मुळांना आणि चिखलाला चिकटून राहिलं.

मी वर्तकनगरहून माहेरी पोचले तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. आमच्याकडे पाटी बाजारात नेण्याआधी तिच्यातला एक मासा भाजून घरच्यांनी खायचा असतो. आपल्याला गिळवत नसेल ते लोकांना विकायचं नाही, म्हणून. जाळ्यात थोडी बोय मासळी निघाली होती, दिसायला चकचकीत. बाबांनी अर्धा मासा संपवला. "बरा हाय, काय नाय झाला." आईने एक घास घेतला, थांबली, आणि उठून मोरीत थुंकली. मीही चाखला. रॉकेलचा वास थेट नाकात गेला. बाबांना तो आलाच नव्हता, की यायला नको होता, ते मी विचारलं नाही.

सगळी पाटी मागच्या खड्ड्यात पुरली. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी फोटो काढले, आम्ही चहा केला. मला राग यायला हवा होता. माझ्या डोक्यात फक्त परतीची बस होती.

आता आई बाजारात बर्फातली, बाहेरून आलेली मासळी घेऊन बसते. बाबा होडी काढत नाहीत, तिच्यामागे उभे राहून पिशव्या भरून देतात. परवा मी तिथे होते. तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मासा उचलून नाकाशी नेला.

"मावशी, खाडीचा नाही ना?"

"नाय गो बाय, खाडीचा मी ठेवतच नाय."

बाईंनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबांना त्या ओळखत होत्या, बाबांच्याच जाळ्यातली बोय त्यांनी इतकी वर्षं नेली होती.

"खाडीचा नाय," बाबा म्हणाले, आणि पिशवी उघडून पुढे धरली.