भाऊबीजेचं हेल्मेट

माझा नातू परवा नवं हेल्मेट घेऊन आला. आतला शिक्का दाखवत मला म्हणाला, "आजी, मशिनीत घालून, वरून आपटून तपासलेलं आहे हे." आणि दुसऱ्या मिनिटाला तेच हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून, भांग पाडलेलं डोकं वाऱ्यावर सोडून भुर्रकन निघाला. माझं असं डोकं फिरलं म्हणून सांगू! गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ओरडत गेले मी त्याच्यामागं. अरे, चुलीत गेला तुझा शिक्का. हेल्मेट आम्हीही तपासलं होतं, घराच्या माळवदावरून टरबूज टाकून. पण तपासल्यावर ते डोक्यात घातलं होतं.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही जालन्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे गुरांचे डॉक्टर. कुठं म्हैस अडली, कुठं बैलाचा पाय मोडला, की निरोप यायचा, जल्दी या. मंठा, अंबड, तीर्थपुरी, सगळीकडं यांची फटफटी फिरायची. फटफटी लष्कराच्या मोडीतली. आमच्याकडं येण्याआधी तिनं किती जणांना पाडलं होतं देव जाणे. रस्ते म्हणजे नुसता फुफाटा आणि दगडं.

यांना थाटमाटाची भारी हौस. डोळ्याला मोठा गॉगल, हातात चामड्याचे मोजे, अंगात गुडघ्यापर्यंतचा खाकी कोट, तोंडाला धूळ लागू नये म्हणून उपरणं. आणि डोक्याला? कापडी पांढरी टोपी! तीही वाऱ्यानं उडू नये म्हणून उपरण्याखाली दाबलेली. मी म्हणायची, "अहो, हाताला चामडं अन् डोक्याला मांजरपाट, हा कुठला न्याय?" हे हसून किक मारायचे.

मला भीती वाटायला कारण होतं. कापसाच्या जिनिंगमधला एक माणूस फटफटीवरून पडला होता. अंगावर एक ओरखडा नाही, फक्त डोकं आपटलं होतं. माणूस जगला, पण पुढं स्वतःच्या बायकोला "तुम्ही कोण?" म्हणून विचारायचा. ती बाई आमच्या गल्लीतच राहायची. दळणाला गेलं की भेटायची, काही बोलायची नाही, नुसतं पीठ भरून घ्यायची. तिला बघून आले की मला दोन घास गोड लागायचे नाहीत.

माझा धाकटा भाऊ सिकंदराबादला रेल्वेत होता. दिवाळीला आला, मी ओवाळलं. ताटात काय टाकू म्हणाला. मी सांगितलं, "साडी नको, काही नको. तिकडं लष्कराचं जुनं सामान विकतात ना, त्यातनं एक हेल्मेट आण." भाऊ म्हणाला, "आक्का, भाऊबीजेला लोखंड घालू तुला?" म्हटलं, घाल. पुढच्या फेरीला घेऊन आला बिचारा. खाकी रंगाचं, आत बुचाच्या पट्ट्या बसवलेल्या, कानावर चामड्याचे पडदे, हनुवटीला पट्टा. मला आजवर मिळालेल्या कुठल्या दागिन्याकडं मी इतकं निरखून पाहिलं नसेल.

यांनी ते हातात घेतलं, वाजवून बघितलं आणि खुंटीला अडकवलं. "हे पातेलं घातलं तर टोपी कुठं ठेवू? लोकांच्या दारात बोडक्यानं उभा राहू? कोण गेलं म्हणून विचारतील."

खोटं नव्हतं ते. आमच्याकडं तेव्हा माणूस घराबाहेर बोडक्या डोक्यानं पडायचाच नाही. टोपी, रुमाल, पटका, काहीतरी पाहिजेच. बोडका माणूस दारात आला की समजायचं, मयताची खबर घेऊन आला.

पण मीही हट्टाला पेटले होते. उन्हाळ्यात नदीच्या वाळूतली टरबुजं आली, तशी दोन सारखी बघून घेतली. एकाला हेल्मेट घालून पट्टा बांधला, दुसऱ्याला यांची पांढरी टोपी. दोन्ही घेऊन माळवदावर चढले आणि यांना अंगणात उभं केलं. हे खालून ओरडले, "अगं, येडी झालीस का?" मी आधी हेल्मेटवालं सोडलं. धाडकन आवाज झाला, दोनदा उडालं आणि पडलं. पट्टा सोडून बघितलं तर टरबुजाला एक चीर गेलेली, बस्स. मग टोपीवालं सोडलं. काय सांगू! अंगणभर लालच लाल. टोपी त्या चिखलात पडलेली. चेष्टा म्हणून केलं होतं खरं, पण खाली येऊन मी आधी ती टोपी धुवायला घेतली.

चिरलेलं टरबूज आम्ही खाल्लं, दुसऱ्याला हात लावला नाही. सकाळी हेल्मेट डोक्यात घालून निघाले. गावोगावी चेष्टा व्हायची. "डॉक्टरसाब, पातेल्यात काय शिजवून राह्यले?" हे म्हणायचे, "माझंच डोकं. कच्चं हाय अजून." टोपी पँटच्या खिशात कोंबून न्यायचे, दारात गेल्यावर घालायचे. कधी चुरगळायची, कधी घरी विसरायची.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. बाळंतपणाला तीर्थपुरीला माझ्या मायकडं जायचं ठरलेलं. माय न्यायला येणार, त्याच्या आठ दिवस आधीच पोटात कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. दिवसभर हाल झाले, पण पोरगी झाली, आणि आम्ही दोघी सुखरूप. टोपडं, झबलं काहीच शिवून झालं नव्हतं. पोरीचं डोकं इवलंसं, गार लागत होतं. यांनी खिशातली टोपी काढली, दुमडली आणि तिच्या डोक्यावर घातली. नर्सबाई हसून हसून बेजार.

"मी मामींना, तुझ्या मायला, सांगून येतो," असं म्हणून हे तसेच निघाले. पेढे घेतले, हेल्मेट घातलं, आणि तीर्थपुरी गाठली. माझ्या मायच्या दारात फटफटी थांबवली. सासूसमोर डोक्यात पातेलं घालून कसं जायचं, म्हणून आदरानं हेल्मेट उतरवलं आणि खिशात हात घातला. टोपी कुठली असायला? ती पोरीच्या डोक्यावर!

माय ओसरीवर शेंगा फोडत होती. फटफटीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. समोर जावई उभा. बोडका, अंगभर धूळ, डोळे लालभडक, आणि दमामुळं तोंडातनं शब्द निघेना.

"गेली गं माझी बाय!" म्हणून मायनं जो हंबरडा फोडला, तो अख्ख्या आळीनं ऐकला. बायका धावत आल्या, त्यांनी यांचं डोकं बघितलं, त्याही रडायला लागल्या. हे ओरडून राह्यले, "मामी, जिवंत हाय! दोघी बराबर हाय!" कोण ऐकतंय? पेढ्यांचा पुडा काढून दाखवला तर एक म्हातारी म्हणाली, "जावयाला धक्क्यानं येड लागलं." तोवर माय जोत्यावरच बेशुद्ध पडली होती.

शुद्धीवर आली तरी तिचा विश्वास बसेना. बैलगाडी जुंपून थेट जालन्याला आली, तोवर मला घरी आणलं होतं. माझ्या खाटेशी आली, माझं तोंड चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. मग पोरीला बघितलं. आणि मग यांच्याकडं वळली.

"ते पातेलं आधी विहिरीत टाका. परत दिसलं न्हाई पाहिजे."

हे तर वाटच बघत होते. "मी म्हणलंच होतं. आता बिलकुल घालत न्हाई." हेल्मेट परत खुंटीला.

मी ओली बाळंतीण, उठता येत नव्हतं, पण तोंड होतं ना. पोर मांडीवर घेऊन मायशी कडाकडा भांडले. जिनिंगमधल्या माणसाचं सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं. "माय, तू यांना बोडकं बघून एकदा मेलीस. हे डोक्यावर पडले तर मी रोज मरीन. माझ्यासमोर जेवायला बसतील न् मलाच विचारतील, तुम्ही कोण. चालंल तुला?" बोलता बोलता मला रडू कोसळलं. माय पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "सुई कुठं हाय?"

तिनं यांचा खाकी कोट मागून घेतला. स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कापून आतल्या बाजूनं, छातीपाशी, एक खिसा शिवला. त्यात कोरी पांढरी टोपी घडी करून ठेवली आणि पदर सावरून भिंतीकडं बघतच यांना म्हणाली, "जावईबापू, ही टोपी दुसऱ्या कशाला काढायची न्हाई. कुणाच्या बी दारात जायच्या आधी, लांबूनच, पातेलं उतरवायचं अन् ही घालायची. टोपी दिसली की आम्ही समजू, सगळं बराबर हाय."

यांनी मान डोलवली आणि पाळलंही. मला सवयच लागली. फटफटीचा आवाज आला की मी दारात जायची. हे कोपऱ्यावर थांबायचे, हेल्मेट काढायचे, टोपी घालायचे आणि मगच पुढं यायचे. मी हसायची, पण ती टोपी दिसेपर्यंत माझा जीव ठिकाणावर नसायचा.

पोरगी अंगणात पळायला लागली त्या वर्षी हे अंतरवाली सराटीला एका म्हशीसाठी गेले होते. दुपारपर्यंत येतो म्हणाले होते. दिवस कलला. मी दारात ज्वारी पाखडत बसले होते, कान रस्त्याकडं. फटफटीचा आवाज काही येईना. आली ती बैलगाडी. गाडीत आमची फटफटी आडवी घातलेली, चाक वर. तिच्याशेजारी कडब्यावर खाकी कोट.

आणि गाडी हाकणारा शेतकरी बोडका होता.

सूप हातातनं गळालं. ज्वारी सांडली, पोरगी रडायला लागली, मला काही कळेना. त्या माणसाचं बोडकं डोकं तेवढं दिसत होतं. मी मायसारखाच हंबरडा फोडणार होते.

तेवढ्यात कडब्यातून एक हात वर आला. डावा. तो हात चाचपडत कोटाच्या आत गेला, मायनं शिवलेल्या खिशात. पांढरी टोपी बाहेर आली. एका हातानं घडी उलगडेना, तर दातात धरून उलगडली. डोक्यावर बसवली, वाकडीच. आणि मग यांनी तोंड वर केलं.

जालन्याजवळच फटफटी घसरून उजवा हात मोडला होता. त्याला झोळी म्हणून त्या भल्या माणसानं आपला पटका बांधला होता. हेल्मेट यांच्या पायाशी पडलेलं, एक बाजू आत माझी मूठ मावेल एवढी चेपलेली.

मी पायरीवरच बसले. शेवटी तोंडातनं निघालं ते एवढंच, "मी कोण?"

हे म्हणाले, "अगं, टोपी बघ की! भाऊबीजेला लोखंड मागणारी बाई तू. दुसरी कोण?"