न निवळणारी बिअर

मुलगी बघायला गेलं की कांदेपोहे मिळतात. मुलाची बिअर बघायला जायची रीत मात्र आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाली. ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं, तो गुरुग्राममधल्या एका हॉटेलात बिअर बनवायचा. बाबा फौजेतले निवृत्त सुभेदार. "दारू पिणारा जावई एक वेळ चालेल, पण दारू बनवणारा?" असं म्हणून त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता. शेवटी आई मध्ये पडली, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. आधी त्याचं काम बघतो, मग काय ते सांगतो." निघताना त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हाच मी ओळखलं की नकार घरूनच तयार करून नेताहेत.

त्याला मी फोनवर पढवून ठेवलं होतं: बाबा काहीही म्हणोत, तू फक्त 'बिल्कुल' म्हणायचं. बाबांना उलट बोललेलं खपत नाही. घरात ते काम मी एकटी करते आणि त्याची फळंही मीच भोगते.

दिल्लीतल्या मयूर विहारहून मेट्रो बदलत आम्ही भर दुपारी पोचलो. तो खाली घ्यायला आला होता. लिफ्टच्या काचेतून टॉवर बघत बाबा म्हणाले, "इथे सगळी मोहरीची शेतं होती."

"बिल्कुल, काका."

माझ्या जिवात जीव आला.

वर बसल्यावर त्याने स्वतः बनवलेली हेझी पेल एल नावाची बिअर आणली. रंग पाणी घातलेल्या आमरसाचा. बाबांनी ग्लासमागे बोट धरलं. बोट दिसेना. त्यांनी ग्लास अलगद खाली ठेवला आणि हुकूम सोडला, "टेबल हलवू नका. गाळ खाली बसेल." त्यांच्या गावी नदीचं पाणी असंच निवळायला ठेवत.

"बिल्कुल, काका."

आणि आम्ही तिघं गाळ बसायची वाट बघत बसलो. शेजारच्या टेबलावर दुसरी फेरी आली. मला राहवेना. बाबांसमोर प्यायची माझी ती पहिलीच वेळ, पण त्यांचं सगळं लक्ष गाळाकडे होतं. आधी पिकल्या पेरूचा वास आला, मागोमाग संत्र्याच्या सालीचा. जिभेवर ती पेजेसारखी मऊ लागली. घोट उतरल्यावर कोवळ्या मेथीचा कडूपणा मागे राहिला, तोही हवाहवासा. फार सुरेख जमली होती. बाबांच्या ग्लासातली मात्र नुसती कोमट होत होती आणि माझा जीव तुटत होता.

फेस मेला तरी गाळ काही बसेना. बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "टाकीत तुरटी फिरवत जा. लगेच स्वच्छ होईल."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्याचे कान लाल झाले होते.

"नाही, काका."

"काय?"

"तुरटी नाही फिरवणार. ही अशीच असते. गहू आहे, ओट्स आहेत, हॉप्सची फुलं आहेत. स्वच्छ करायला गेलो तर वासच जाईल. सॉरी काका. तुम्हाला नितळ हवी असेल तर आणतो, पण ती मी बनवलेली नाही."

संपलं, म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाबांनी ग्लास उचलला होता. रम पिणाऱ्या माणसाने औषध चाखावं तसा त्यांनी घोट घेतला आणि तोंडात घोळवला.

"पेरू घातलाय?"

"नाही. फुलांचाच वास."

दुसरा घोट. "शेवटी कडू लागते."

"हो. लागते."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्याला तू गप्प बसायला शिकवलं होतंस ना? नाही जमलं." त्यांनी ग्लास बाजूला सारला. "ही तर मीच कोमट करून ठेवली. जावईबापू, एक गार आणा."

तो उभा राहिला, पण कुठे जायचं तेच त्याला सुचेना. मला रडू फुटलं.