एका माणसाचे कपडे

अंबडला मी खोली घेऊन एकटी राहायचे. वॉशिंग मशीनचा ड्रायर सुरू केला की धडधडत जागा सोडायचा, म्हणून दुकानातून मेकॅनिक बोलावला. पन्नाशीचे काका आले. "भाऊ आत झोपलाय," मी दारातच सांगितलं. अनोळखी माणसाला मी असंच सांगायचे.

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि दार सताड उघडं ठेवलं. ब्रेकची वायर ओढून पाहिली, टबखाली काही अडकलंय का ते चाचपलं. मग ड्रायर चालवला. फरशी हादरली.

"भावाची झोप पक्की हाय," ते म्हणाले. मी खाली पाहिलं.

त्यांनी आतले ओले कपडे पाहिले. दोन कुर्ते, एक टॉवेल.

"ड्रायर बराबर हाय, ताई. एकाच माणसाचे कपडे एका बाजूला गोळा होतात, मंग टब आदळतो. सोबत एखादी चादर भिजवून टाकत जा."

माझं खोटं त्यांना कळलं होतं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

"आतून कडी लावून घ्या," निघताना एवढंच म्हणाले. मी दार लोटलं. जिन्यात पावलं वाजली नाहीत. कडी सरकवली, तेव्हा कुठे त्यांची पावलं खाली उतरू लागली.

माझी कडी लागली का, हे पाहणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं.