कोटाचा उजवा खांदा

मास्तरांचं डोकं गाडी सुटायच्या आधीच फिरलं होतं. जन्मभर लोकांच्या लग्नाचे कोट शिवले, आणि एकुलत्या एका पोराच्या लग्नाचा कोट टांगायला या स्लीपर डब्यात धड खुंटी असू नये? एकच होती, आणि तिच्यावर समोरच्या बर्थवरच्या पैलवानाने ओला टॉवेल टाकलेला. मास्तरांनी आधी खाकरून पाहिलं, मग बोटाने दाखवून पाहिलं. पैलवान छान हसला, त्यांच्या हातावर एक बिस्किट ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

"अहो, घडी घाला आणि बॅगेत टाका की," खालच्या बर्थवरून बायको म्हणाली.

"कोटाची घडी? तुझ्या माहेरी घालत असतील."

तोवर बायको घोरायला लागली होती. तिला आडवं होताच झोप लागते, हे मास्तरांचं लग्नापासूनचं दुःख. त्यांनी वरच्या बर्थवर कोट नीट पसरला आणि उरलेल्या वीतभर जागेत, छताला डोकं आपटत, अंग चोरून बसले.

पोरगा परदेशात नोकरीला. "बसून काम आहे बाबा, पंख्याखाली," असं दर फोनवर सांगायचा. तिथेच त्याने मुलगी पाहिली, तिथेच लग्न ठरवलं. बापाच्या वाट्याला काय, तर एवढा कोट. तो मास्तरांनी जुन्या मापावर शिवला होता. मापाची त्यांना कधीच भीती वाटली नाही. ओझी वाहून एक खांदा खाली गेलेले बाजारातले हमालसुद्धा लग्नाचा कोट त्यांच्याकडेच टाकायचे. मास्तर त्या बाजूच्या पॅडमध्ये जास्त कापूस भरायचे आणि नवरदेव फोटोत ताठ दिसायचा. तेव्हा आता प्रश्न होता तो सुरकुतीचा. कोट इस्त्री मोडू न देता पोराच्या अंगावर चढवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

सरहद्दीवर गाडी थांबली आणि डब्यातले सगळे दिवे भक्कन लागले. तपासणीचा साहेब पैलवानाच्या भल्यामोठ्या ट्रंकांकडे ढुंकूनही न बघता थेट कोटाशी आला. त्याने उजवा खांदा दाबला. पुन्हा दाबला. आत काय आहे, अशी खूण केली.

"कापूस! कापूस आहे हो आत!" मास्तर आपल्याच भाषेत ओरडले. साहेबाला त्यातलं ओरडणं तेवढं कळलं. त्याने चाकू काढला आणि खांद्याची शिवण टर्रकन उसवली. कापूस निघाला. मास्तरांना वाटलं, निदान चुकलं तरी म्हणेल. त्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि पुढे गेला.

मास्तरांना रडू आलं. रागाने आलं, पण आलं. त्यांनी सुईदोरा काढला, तर गाडी अशी हिसके देत होती की टाका कोटाला कमी आणि बोटालाच जास्त.

"तिथे जाऊन शिवा हो. लग्न परवा आहे," बायको म्हणाली.

"आणि उतरल्यावर पोराला काय दाखवू? चिंधी?"

पैलवानाला दया आली असावी. त्याने उठून खुंटीवरचा टॉवेल काढला. आता काढतोय! मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने तो परत टांगला.

पोरगा स्टेशनवर न्यायला आला. त्याने दोन्ही बॅगा एकाच खांद्यावर टाकल्या. मास्तर त्याच्या मागून रेल्वेला, साहेबाला, पैलवानाला आणि त्याच्या बिस्किटालाही शिव्या घालत चालले. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली होती. कोपऱ्यात गॅस, एक खाट, भिंतीला आरसा. बायकोने लगेच चहा टाकला. मास्तरांनी पोराच्या अंगावर कोट चढवला. उजवी बाही पंजावर आली.

"सरळ उभा राहा," ते खेकसले.

"सरळच उभा आहे, बाबा."

मास्तरांनी मागून त्याच्या पाठीवर हात फिरवला. उजवा खांदा दोन बोटं खाली गेला होता. मानेशी टणक गाठ लागली. असे खांदे त्यांनी जन्मभर मापले होते. पंख्याखाली बसून असा खांदा कुणाचा होत नाही.

पोराने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, मग चहा गाळणाऱ्या आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काय हो, बसत नाही का?" बायकोने विचारलं.

 अख्ख्या प्रवासात ओरडले नव्हते एवढ्या जोरात मास्तर ओरडले, "बसेल कसा? त्या दळभद्री साहेबाने उजवा खांदा पार बिघडवून ठेवलाय! आता कापूस जास्त भरावा लागणार."

"मग भरा की. त्यात एवढं ओरडायचं काय?"

पोराने खाटेवरची आपली उशी उचलून पुढे केली. मास्तरांनी तिचा कोपरा उसवला आणि मूठभर कापूस बाहेर काढला.