कांबळेकाका आणि झीरो ट्रस्ट

"तुमचं ऑफिस क्लाउडवर का गेलं?" असं कुणी विचारलं, की माझं उत्तर दर वेळी वेगळं असतं. शिवडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटर मी बघतो, त्यामुळे असे किस्से आपसूक साठत गेले.

*

आमचा सर्व्हर जिन्याखाली असायचा. एकदा उंदरांनी वायर कुरतडली आणि दोन दिवस ट्रक गोदामातच उभे. मी मालकांना, म्हणजे देसाईसाहेबांना म्हटलं, "क्लाउडवर जाऊ या."

"आधी मांजर आण!"

आणली. ती सर्व्हरवरच झोपायची. ऊब मिळायची ना!

*

मग आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरने कळवलं, क्लाउड पाहिजे, तोही 'झीरो ट्रस्ट'वाला, नाहीतर काम बंद. साहेब दहा मिनिटांत तयार!

"आणि मांजर?" मी विचारलं.

"राहू दे रे तिला."

*

झीरो ट्रस्ट म्हणजे माणूस ऑफिसातलाच असला, तरी दर वेळी ओळख पटवायची. कंपनीने प्रत्येकाला एकेक फोन दिला. त्यावर येणारा कोड टाकला, तरच आत.

हे ऐकून आमचे हेडक्लार्क कांबळेकाका दुखावले. "तीस वर्षं झाली, आता माझ्यावर भरवसा नाही?"

"काका, कुणावरच नाही. साहेबांवरसुद्धा!"

मग त्यांना जरा बरं वाटलं.

*

खरी अडचण गणपतीची. अर्धं ऑफिस कोकणात जातं. काका जात नाहीत, म्हणून जाणारे आपापले पासवर्ड त्यांच्या डायरीत लिहून जायचे. ती डायरी मी फाडायला लावली. "कुणीही मागितला तरी कोड सांगायचा नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

*

नेमक्या गणपतीतच कस्टमरच्या मॅडम तपासणीला आल्या. नापास झालो असतो तर अर्धे ट्रक विकावे लागले असते.

तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून कायम स्पीकरवर.

"काका, मी देसाई, गावाहून बोलतोय. माझा कोड सांगा लवकर."

"कोण देसाई? कोड मिळणार नाही!"

"अहो, मालक बोलतोय तुमचा!"

काकांनी फोन कट केला. मॅडम खूश! त्यांनी फॉर्मवर 'उत्तम' लिहिलं आणि सही करता करता सहज विचारलं, "पण तो फोन साहेबांचा नाही, हे ओळखलंत कसं?"

काकांनी अभिमानाने ड्रॉवर उघडला. आत ओळीने आठ फोन, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

"साहेबांचा फोन तर हा इथे आहे, मॅडम!"